पाच खणांचं लाकूड

घर बांधून झालं की थोडी वाळू उरते, थोड्या विटा, चार फळकुटं. ती हळूहळू कुठे ना कुठे लागून संपतात. किस्से मात्र संपत नाहीत. आमच्या देवळाली प्रवऱ्याच्या मुलींच्या शाळेतल्या कुणी दोघी भेटल्या, की साळवेबाईंच्या घराचं लाकूड निघतंच. साळवेबाई म्हणजे मीच! परवा विमल आली होती. चहा व्हायच्या आत तिनं दोन किस्से सांगितले, आणि त्यातला एक मलाच नवा होता. म्हणून म्हटलं, जे खरंच घडलं ते तरी एकदा सांगून टाकावं.

गोष्ट एकाहत्तर-बाहत्तर सालची. मी तेव्हा पस्तिशीची, लग्न न झालेली. शाळेत मराठी शिकवायचे. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, ते जाऊन चार वर्षं झाली होती. घरी मी आणि आई. घर कसलं, भाड्याची खोली. वर पत्रा!

एप्रिलमधल्या एका दुपारी शाळेतून आले, तर आई उंबऱ्यात आडवी पडलेली. तिनं पदर ओला करून डोक्यावर घेतला होता, तोही वाळून कडक झाला होता. शेजारच्या बायकांनी पाणी मारलं, मी डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी तपासलं, गोळ्या दिल्या आणि निघताना दारात थांबून वर बघितलं.

"बाई, मी औषध देतो. पण आजार त्यांच्यात नाही, वर आहे. छप्पर बदला."

*

वडिलांनी गावात एक जागा घेऊन ठेवली होती. तिथं घर बांधायचं ठरलं. कसलं बांधायचं, यावर स्टाफरूममध्ये आठवडाभर चर्चा झाली. स्लॅबची तेव्हा नवी हौस होती. आमच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नुकतंच स्लॅबचं घर बांधलं होतं आणि त्या मला स्लॅबच घाल म्हणत होत्या.

विमल शिंदे विज्ञान शिकवायची. ती म्हणाली, "चर्चा कसली करता? मोजू या की!"

तिनं प्रयोगशाळेतले तीन थर्मामीटर काढले. एक आमच्या पत्र्याखाली टांगला, एक मोठ्या बाईंच्या स्लॅबखाली आणि एक शाळेतल्या शिपाई ताराबाईंच्या घरी. ताराबाईंचं जुन्या पद्धतीचं धाब्याचं घर. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर पांढरी माती. आठ दिवस रोज दुपारी तीन वाजता विमल छत्री घेऊन तिन्ही घरं फिरायची आणि वहीत आकडे लिहायची.

ताराबाई हसायच्या. "पारा कशाला बघायचा, बाई? दुपारच्याला मांजार कुटं झोपतंय ते बघा. सगळ्या आळीची मांजरं आमच्याकडंच असत्यात!"

आठ दिवसांनी निकाल लागला. ताराबाईंचं घर सगळ्यात गार, आमचा पत्रा शेवटचा, आणि स्लॅब पत्र्याच्या फार काही पुढे नाही. विमलनं तो स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिला. मोठ्या बाई आत आल्या, त्यांनी वाचलं आणि शांतपणे डस्टर उचललं.

"शिंदेबाई, माझ्या घराला ताप आलाय, हे इन्स्पेक्टर साहेबांना कळायची गरज नाही!"

*

तर धाब्याचं घर ठरलं. पाच खणांचं. लांबीला सहा खांब रोवले की त्यांच्या मधल्या जागा होतात पाच, तेच पाच खण. भिंती दगडमातीच्या, पण छताचा सगळा भार लाकडावर. मला रोज एकच चित्र दिसायचं. वर हातभर माती, खाली आईची खाट. मधे फक्त लाकूड. ते कोणाकडून घ्यायचं, हा माझ्यासाठी साधा प्रश्न राहिला नव्हता.

पहिल्या रविवारी विमल, ताराबाई आणि मी एस.टी.नं नगरला गेलो. स्टँडवर टांगा केला आणि एका मोठ्या वखारीत उतरलो. गादीवरच्या शेठनी आमच्याकडे बघितलं, आमच्या मागे बघितलं, मग रस्त्याकडे बघितलं.

"मालक मागून येतायत का?"

"मालक म्हणजे मीच. घर माझं आहे," मी म्हटलं.

"हो हो, तुमचंच. पण व्यवहाराला कोण येणार?"

मी खणांचा हिशेब सांगायला लागले. ते ऐकत होते, पण नजर आमच्या पलीकडे. टांगेवाला घोड्याला पाणी पाजायला आत आला होता. शेठनी त्यालाच हाक मारली. "या, बसा ना! किती लांबीच्या तुळया हव्यात तुम्हाला?"

टांगेवाल्यानं आधी आमच्याकडे बघितलं, मग शेठकडे. तो भला माणूस होता. म्हणाला, "शेठ, आपल्याला फकस्त घोड्यातलं कळतं. लाकडातलं ह्या बाई बोलतायत ना कवापासून!"

त्याच टांग्यात बसून आम्ही दुसऱ्या वखारीकडे गेलो. विमल हसून हसून बेजार झाली होती. मला तेव्हा हसू आलं नाही. आता येतं.

*

दुसऱ्या वखारीत मात्र मोठं स्वागत झालं. बाकावर बसवलं, चहा मागवला. "सगळा माल बल्लारशाचा साग, ताई. घ्या डोळे मिटून!" रचून ठेवलेल्या तुळया खरोखर सोन्यासारख्या चमकत होत्या. मला त्या इतक्या आवडल्या, की मी हो म्हणणारच होते.

ताराबाई सुताराच्या लेक. त्यांनी चहा तसाच ठेवला आणि वखारीच्या माणसाकडे तांब्याभर पाणी मागितलं. त्याला वाटलं, प्यायला हवंय. ताराबाईंनी तो तांब्या एका तुळईवर ओतला आणि पदराच्या टोकानं खसाखसा पुसलं. पदर तांबडा झाला, तुळई पांढुरकी!

"बाई, ह्यो आंबा हाय. सागाची कापडं घातल्यात त्यानं."

शेठ गडबडले. "अहो, पावसानं रंग उतरू नये म्हणून जरा हात फिरवतो आम्ही..."

"ऱ्हाऊ द्या, शेठ," ताराबाई पदर पिळत म्हणाल्या. "ग्यादरिंगला आमीबी पोरींना आसंच रंगवतो. पन दुसऱ्या दिशी तोंडं धुवून शाळंत बशिवतो!"

*

तिसरा किस्सा सांगताना विमल अजून गप्प होते, म्हणून तो मी सांगते.

तिच्या मामांची तिसगावला शेती. त्यांनी निरोप पाठवला, की दारातले दोन मोठे कडुलिंब द्यायचे आहेत, लिंबाच्या लाकडाला वाळवी लागत नाही, घरच्या माणसाकडून घ्या. दुकानदारांना मी वैतागले होतेच. आम्ही दोघी गेलो.

लिंब खरंच मोठे होते. दोघींनी हात धरले तरी बुंध्याला वेढा पडत नव्हता. मामांनी दोरी लावून दाखवली, कुठून कापायचं ते सांगितलं. एवढ्यात मामी चहा घेऊन आल्या. चहा त्याच लिंबाखाली. तिथंच जातं, तिथंच गाईची दावण, तिथंच दोन खाटा. घर मागे होतं, पण त्यात कुणी नव्हतंच. सगळा संसार झाडाखाली.

"मामी, हे लिंब गेल्यावर कसं करणार?" मी विचारलं.

मामींनी मामांकडे बघितलं, मग कपबशा उचलल्या आणि आत गेल्या. त्या परत बाहेर आल्या नाहीत.

मी मामांना म्हटलं, "मामा, मला सागच घ्यायचाय. आईचा हट्ट आहे." आईनं आयुष्यात कसला हट्ट केला नव्हता. मामांनी दोरी गुंडाळली. मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

येताना बसमध्ये विमलनं पिशवीतून थर्मामीटर काढला. मला न सांगता तो तिनं तिथं फांदीला लावून पारा बघून ठेवला होता! वहीत आकडा लिहिला आणि म्हणाली, "सुमन, ताराबाई दोन नंबरवर गेल्या."

*

दिवाळीच्या सुट्टीत कुणीतरी मेघजीभाईंचं नाव सांगितलं. नगरलाच, जरा आडबाजूला, छोटी सॉ मिल. कच्छकडचे, साठीचे, कानावर पेन्सिल. ते माझ्याशी बोलले, आणि माझ्याकडे बघून बोलले. कागदावर मी काढलेला नकाशा त्यांनी नीट करून दिला. एका लांब तुळईखाली आधाराला एक खांब वाढवला. मग मी समोरच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हा माल चालेल?"

"नाय चालणार, बेन."

"का? साग नाही?"

"साग हाय. हात लावा." मी हात लावला. "थंड लागते ना? आत अजून पानी हाय. तुमच्या घरात बसून वाळेल, वाळताना पीळ घेईल. तुमच्या डोक्यावर. दोन वर्ष सावलीत ठेवलेला माल संक्रांतीला येईल. तो देतो."

मला रागच आला. वर्ष संपत आलं होतं, पुढचा उन्हाळा डोळ्यांसमोर दिसत होता. "आणि तोपर्यंत माझ्या आईनं काय करायचं? तो माल तरी वाळलेला असेल कशावरून?"

"कशावरून नाय," ते म्हणाले. "थांबायचं तर थांबा."

समोरच्याच वखारीत दुसऱ्या दिवशी माल घरपोच मिळत होता. शाळा उघडल्यावर स्टाफरूममध्ये मतदान झालं. मोठ्या बाईंसकट सगळ्या समोरच्या वखारीच्या बाजूनं. ताराबाई एकट्या मेघजीभाईंच्या. मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"सुमे, आत्तापर्यंत सगळे हो म्हणाले ना?"

"हो."

"मग हा नाही म्हणतोय, त्याच्याकडून घे. मी अजून एक हिवाळा पत्र्याखाली काढीन. हिवाळ्याचं काय मेलं!"

*

संक्रांत आली आणि गेली. माल आला नाही. मी तोंड लपवून शाळेत जात होते. मोठ्या बाई नुसता तिळगूळ पुढे करायच्या. तेही आठ दिवस!

नवव्या दिवशी ट्रक आला. ड्रायव्हरशेजारी मेघजीभाई स्वतः. सगळं लाकूड उतरवून घेतलं, एकेका तुळईवर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ठोकून बघितलं, आणि दोन तुळया बाजूला काढल्या.

"ह्या दोन परत न्यायच्या. गाठ हाय. गाडीत चढवताना दिसली नाय मला."

आमच्या मिस्त्रीला गाठ दिसली नव्हती. ताराबाईंनासुद्धा दिसली नव्हती. ड्रायव्हर घाम पुसत त्या दोन तुळया परत ट्रकमध्ये चढवत होता. मला म्हणाला, "बाई, ह्यो माणूस इकायला आलाय का परत न्यायला, त्येवढं इचारा!"

दोन तुळया पुढच्या आठवड्यात आल्या. पाडव्याच्या सुमाराला धाब्यावर माती चढली. आमच्या चर्चच्या पाळकांनी येऊन प्रार्थना केली, आणि ताराबाईंनी त्यांच्या पद्धतीनं नारळ फोडला. दोन्ही झालेलं बरं, असं आईच म्हणाली.

*

वायरमन आला, त्याचं तर ऐकाच. त्यानं तीन दिवे जोडले आणि शिडीवरून विचारलं, "पंख्याचा हूक कुटं मारू?"

"हूक नको. पंखा लावायचा नाहीये."

तो शिडीवरून खाली उतरला. गवंडी, मिस्त्री लांब आहेत हे बघून हळूच म्हणाला, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. घर बांधताना हात आखडतोच. आमच्याकडं एक जुना टेबलफॅन पडलाय. तसाच घेऊन या म्हनलं तर आनतो."

आतून आई म्हणाली, "आण रे बाबा! गहू पाखडायला होईल."

आणि त्यानं खरंच आणला!

*

त्या वर्षीचा मे वाईट होता. आधीचा पाऊस धड झाला नव्हता, विहिरी तळाला गेल्या होत्या, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आई मधल्या खणात घोंगडी टाकून पडायची आणि मी शेजारी पेपर तपासायचे.

एका रविवारी भर बारा वाजता दारात मेघजीभाई. एकटेच, एस.टी.नं आलेले. टोपी घामानं भिजलेली.

"लाकूड बसलं का ते बघायला आलो," म्हणाले.

मी पाणी दिलं. ते प्यायले. खांबांवरून हात फिरवला, सांधे बघितले, मान वर करून एकेक तुळई मोजल्यासारखी बघितली. मग म्हणाले, "बेन, जरा पाठ टेकू?"

आईनं तिची घोंगडी दिली. ते खालूनच वर बघत राहिले आणि बघता बघता झोपले. एक वाजला, दोन वाजले, तीन. मी एक गठ्ठा संपवून दुसरा घेतला. आईनं मला खूण केली, कागद वाजवू नकोस म्हणून.

साडेतीनला उठले. क्षणभर आपण कुठे आहोत ते त्यांना कळलं नाही. मग मांडी घालून बसले. आईनं चहा दिला, तो त्यांनी अगदी सावकाश घेतला.

"माजी, रोज अशी झोप लागते?"

"लागते," आई म्हणाली.

त्यांनी कपबशी खाली ठेवली. टोपी झटकली, घातली, काढली, पुन्हा घातली.

"आमच्याकडे पोरांनी नवा बंगला काढला हाय," ते म्हणाले. "परवा स्लॅब टाकला."

मी म्हटलं, "अरे वा!" आईनं वर तुळयांकडे बघितलं.

चपला घालून ते अंगणात उतरले. चार पावलं गेले, थांबले आणि वळून म्हणाले, "बेन, येत्या रविवारी तुम्ही घरीच आहात ना?"