सुपारीवरचं इंग्रजी

इंग्रजीतले जे शब्द खुद्द इंग्रजांना ठाऊक नव्हते, ते सगळे श्रीवर्धनला माझ्या थोरल्या मावशीच्या यजमानांना ठाऊक होते. सन तीसच्या आसपासची गोष्ट. काकांनी मुंबईहून जाडजूड डिक्शनरी आणवली होती आणि स्वतःच्या वाडीतल्या वाळलेल्या सुपाऱ्यांवर लाल रंगाने इंग्रजी अक्षरं रंगवली होती. ओटीवर पाच सुपाऱ्या मांडायच्या आणि फिरवत बसायचं. "ही झाली स्लेट, म्हणजे पाटी. फिरव. स्टेल, म्हणजे शिळं. आणखी फिरव. टील्स, म्हणजे पाणबदकं!" नेहमीचे शब्द त्यांना फुकटचे वाटत, कोणाच्याच उपयोगी न पडणारा शब्द निघाला की मात्र मावशीला पुन्हा चहाचं आधण ठेवावं लागे. एकदा तिने पाहुण्यांच्या विड्यासाठी घाईत एक सुपारी कातरली, ती नेमकी 'ई' निघाली. आठ दिवस काका तिच्याशी बोलले नाहीत. "अहो, वाडीत ढीग पडलाय, दुसरी रंगवा की!" ती म्हणे. पण त्यांचं म्हणणं, 'ई' गेली म्हणजे अर्धी भाषाच पाहुणे चघळून थुंकले.

हौसेपुरतं होतं तोवर हे चाललं. पण त्यांची एकुलती एक मुलगी, माझी मावसबहीण यमू, लग्नाची झाली आणि काका मुलगी दाखवायची सोडून मुलगाच तपासू लागले. पोहे संपायच्या आत प्रश्न: "हार्ट म्हणजे काळीज. तीच अक्षरं फिरवली की होतं रेथ. त्याचा अर्थ सांगा." एक बी.ए. म्हणाला, स्कॉटलंडातलं पक्वान्न. एक वकील म्हणाला, कायद्यातली संज्ञा. काकांनी दोघांनाही अदबीने बंदरापर्यंत पोचवलं.

"थापा मारणाऱ्याला मुलगी देऊ?"

"अहो, एकोणिसावं सरत आलं तिचं!" मावशी रडकुंडीला येई. यमू रोज दुपारी काकांसमोर बसून शब्द ऐके. ऐकणारी घरात तेवढी एकच.

तिसरा मुलगा मुंबईच्या एका छापखान्यात होता. प्रश्न ऐकून तो सरळ म्हणाला, "नाही बुवा माहीत. काय अर्थ?"

आजवर एकाही पाहुण्याने काकांना असं उलट विचारलं नव्हतं. "हंगामाआधी फुललेलं," ते हळूच म्हणाले, आणि मग जे सुरू झाले ते थांबेचनात. बंदरावरून खलाशी ओरडत आला, "पावनं, येताव का न्हाय? पडाव निंगाला!" आगबोटीपर्यंत नेणारा पडाव गेला, पाठोपाठ आगबोटही गेली. पुढची तिसऱ्या दिवशी. तोवर मुलगा राहिला, आणि जाण्याआधी लग्न ठरवून गेला.

लग्नानंतर यमूला घेऊन पडाव सुटला तेव्हा मावशी पोटभर रडली. काका रडले नाहीत. घरी येऊन ओटीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "आता कोणाला सांगू?" मावशीने डोळे पुसले, पदर खोचला आणि सगळ्या संसारात पहिल्यांदाच ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसली.

"मला सांगा," ती म्हणाली.

काकांनी पाच सुपाऱ्या मांडल्या आणि नुसत्याच फिरवत बसले. त्या दुपारी त्यांना एकही शब्द आठवला नाही.