एकोणीस गाड्या, एकोणीस मापं

तर बांध फुटला, इथवर काल आलो होतो. कशाने फुटला ते सांगायचं राहिलंच.

महिपत म्हणजे आमच्या वडिलांचा मावसभाऊ. ठाण्याला आगगाडी येऊन पंधरा-वीस वर्षं झाली असतील, तेव्हा कोपरीकडच्या मिठागरांतलं मीठ स्टेशनात पोचवायला त्याने एक बैलगाडी घातली. वाट एकच. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून गावाने मातीचा बांध घातलेला, त्यावर चढायचं नि पलीकडे शेताच्या अंगाला उतरायचं. एक गाडी होती तोवर गाव खूश. चाकांनी बांध चांगला चेपतो, असं म्हातारा राघो स्वतः म्हणायचा, आणि त्याचं भात तर बांधाला लागूनच.

मग एकाच्या चार झाल्या, चाराच्या बारा. कल्याणच्या सहदेव सुताराने सगळ्या एका मापाच्या करून दिल्या. महिपत त्या रांगेकडे बघत मिशीवरून हात फिरवायचा. पण बारा गाड्यांची चाकं रोज त्याच दोन रेघांवरून जाणार ना. बांधावर गुडघाभर चाकोऱ्या पडल्या आणि अमावस्येच्या उधाणाला खाडी त्यांतूनच बांध फोडून राघोच्या भातात उतरली.

"उद्यापासून एकच गाडी," राघो म्हणाला.

"काका, मग अकरा जोड्या बैलांचं काय करू?"

"ते बैलांना विचार."

महिपतने गाडीवानांना बाजूने हाकायला लावलं. बैल चार पावलं बाजूने चालत, की परत चाकोरीत. त्याने कपाळ बडवून घेतलं. चुलीपाशी त्याची बायको, आमची गोदाकाकी, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "एकाच जागी बोटं दाबली तर भाकरीला भोक पडतं. फिरवत थापावी लागते."

महिपत तसाच उठून कल्याणला गेला. दर गाडीचा आख, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, दोन बोटांनी लांब-आखूड करून हवा, म्हणजे एकीची चाकं दुसरीच्या रेघेवर पडणार नाहीत, म्हणाला. सहदेव करवत खाली ठेवून बघतच राहिला.

"लोक दोन गाड्या सारख्या मागतात रे, आणि तू बारा वेगळ्या?"

"बारा नाही. पुढे वीस होतील, तर वीस वेगळ्या."

बांध भरला, चेपला, टिकला. गाव गप्प झालं, पण महिपतच्या डोक्याचा ताप गेला नाही. एकीचा आख मोडला तर दुसरीचा बसत नसे. लांब आखाच्या गाड्या स्टेशनच्या फाटकात अडकत. गाडीवान हसत आणि तो दातओठ खात आख घासत बसे.

एकोणीस गाड्या झाल्या त्या वर्षी मिठाच्या व्यापाऱ्याचा मुनीम गोपीनाथ त्याला म्हणाला, "आणखी दोन मिठागरं तुला देतो. फक्त सगळ्या गाड्या एका मापाच्या कर. म्हणजे दर गाडीत सारख्याच गोणी बसतील. गोणी मोजायला नकोत, गाड्या मोजल्या की झालं." या कामासाठी महिपत तीन वर्षं खेटे घालत होता. वडील शेजारीच उभे होते, म्हणून पुढचा शब्द न् शब्द मला ठाऊक आहे:

"मुनीमजी, एकोणीसच्या एकोणीस उद्या एका मापाच्या करतो. तुम्ही फक्त अमावस्येला आमच्या बांधावर येऊन बसा, आणि खाडीला सांगा, चाकोरी दिसली तरी आत यायचं नाही."