पडद्याचा वास घेणारा गुप्तहेर

गणपतीतल्या नाटकात गुप्तहेराचं काम बाबांना द्यायचं मी जाहीर केलं, तेव्हा आमच्या मंडळाचे सेक्रेटरी चहाचा कप तसाच धरून बसले. ते मूळचे इंदूरचे. म्हणाले, "ताई, काकांचा भरोसा नाही हं आता. ऐन टाइमाला लाइनी भुलले तर सगळी मेहनत पाण्यात!"

त्यांचं चूक नव्हतं, पण मला राग आलाच. बाबांनी कारखान्यात नोकरी करता करता आनंद नगरच्या या हॉलमध्ये कितीतरी नाटकं गाजवली होती. हल्ली मात्र ते गॅसवर दूध ठेवून विसरत, ओळखीच्या माणसाचं नाव विसरत. हे त्यांनाही कळत होतं. "एकदाच दे मला काम," एवढंच ते म्हणाले होते. इथे फजिती झाली असती तर ते पुन्हा स्टेजवर चढले नसते, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नाटक रहस्यमय होतं. एका थिएटरात खेळ संपून पडदा पडतो आणि त्याच क्षणी मुख्य नटाचा खून होतो. खून करते नाटक कंपनीचे कपडे सांभाळणारी बाई. दिग्दर्शन माझं आणि खुनी बाईही मीच. इतका मोठा खून करायची संधी मी दुसऱ्या कुणाला देणार होते थोडीच!

तालमीला बाबांचं पाठांतर कधी गाडीसारखं धावे, तर कधी मध्येच ठप्प होई. मग त्यांनी स्वतःच युक्ती काढली. अडलं की खिशातून भिंग काढायचं, तरातरा विंगेपाशी जायचं आणि पडद्याचा वास घ्यायचा. पडद्यामागे शेजारच्या काकू पुस्तक घेऊन प्रॉम्प्टिंगला उभ्या असत. नाक पडद्याला, कान काकूंकडे! मी पोट धरून हसले. म्हटलं, ठेवा हे, गुप्तहेर विक्षिप्त असलेलाच बरा.

प्रयोगाच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला. मी विंगेत बाबांची वाक्यं पुटपुटत उभी होते. पण बाबा काय रंगले होते म्हणून सांगू! पहिल्यांदा त्यांनी पडदा हुंगला तेव्हा खसखस पिकली. दुसऱ्यांदा टाळ्या पडल्या. पुढे पुढे तर त्यांनी भिंग काढलं की पोरं ओरडायची, "काका, सूंघो!" सेक्रेटरी पहिल्या रांगेत गुडघ्यावर थापा मारत होते. मला अगदी नाचावंसं वाटत होतं.

आणि शेवटचा प्रवेश आला. आम्ही सगळे संशयित रांगेत उभे. आता बाबांनी बोट रोखायचं आणि म्हणायचं, खुनी ही! बाबांनी बोट वर केलं. ते तसंच हवेत राहिलं. त्यांचे डोळे पाहताच माझ्या लक्षात आलं. खून कुणी केला, हेच ते विसरले होते.

ते विंगेकडे गेले, पडदा हुंगला, आणि अख्खा हॉल टाळ्या-शिट्ट्यांनी दणाणला. काकू जीव तोडून सांगत होत्या, पण त्या गोंगाटात बाबांना ऐकू येणार काय! कपाळ!

बाबा वळले. रांगेतल्या पहिल्या माणसासमोर उभे राहून त्यांनी पहिल्या अंकातला, तोंडात पक्का बसलेला प्रश्न विचारला, "पडदा पडला तेव्हा आपण कुठे होता?" त्या बिचाऱ्याने गोंधळून पहिल्या अंकातलंच उत्तर दिलं. मग दुसऱ्याला तोच प्रश्न. मग तिसऱ्याला. हॉल चिडीचूप झाला. बाबा खरोखरच तपास करत होते!

ते माझ्यासमोर आले. "पडदा पडला तेव्हा तू कुठे होतीस?"

"आत इस्त्री करत होते, साहेब."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. खाली पाहिलं आणि एकदम लहान मुलासारखे हसले. "खोटं! पायाचा अंगठा बघ तुझा. लहानपणापासून खोटं बोललीस की जमीन उकरतेस, चिमणे."

मी खाली पाहिलं. माझ्या अनवाणी पायाचा अंगठा खरंच स्टेजची फळी उकरत होता. लहानपणी बाबा माझं प्रत्येक खोटं पकडत. कसं ओळखता म्हणून विचारून मी थकले, त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. आता साऱ्या हॉलसमोर सांगून टाकलं. "होय, मीच केला खून!" मी ओरडले आणि खरीखुरी रडले. टाळ्या थांबता थांबेनात.

पडदा पडल्यावर सेक्रेटरी धावत स्टेजवर आले आणि बाबांना मिठी मारून म्हणाले, "काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच!" ते गेल्यावर बाबांनी मला हळूच बाजूला घेतलं. घामाने त्यांचा मेकअप ओघळला होता.

"एकही वाक्य चुकलं नाही ना गं माझं?"

मी पाऊल साडीच्या घोळात ओढून घेतलं आणि म्हटलं, "एकही नाही, बाबा."