कोरडं परतण्याची पैज

नेल्सनने आदल्या संध्याकाळी ट्रक मुद्दाम दारासमोर आडवा लावला होता. सकाळी त्याची आई ओर्फेलिना बाहेर पडली आणि ट्रकला वळसा घालून फाटकाकडे चालू लागली. हातात पीचच्या फोडींचा रिकामा डबा, डब्यावर गुंडाळलेला नायलॉनचा तंगूस, आणि तंगुसाच्या टोकाला जुना चमचा ठोकून केलेला पितळेचा चकचकीत तुकडा, त्याला गळ. आमच्या नदीवर ट्राउट मासे धरायला एवढं पुरतं. काठ्या आणि चक्र्या घेऊन येतात ते पाहुणे.

"आई, एप्रिल संपत आला, हिवाळा तोंडावर आला. डोंगरावर बर्फ पडलंय," नेल्सन दारातून ओरडला.

"मग? मी कुठे डोंगरावर चाललेय?"

"डॉक्टर काय म्हणाले होते, आठवतंय ना?"

"तो डॉक्टर? त्याला आधी मिसरूड फुटू दे, मग ऐकते त्याचं."

गेल्या हिवाळ्यात ती अशीच नदीवरून चिंब होऊन आली, ओल्या अंगाने लाकडं फोडत राहिली, आणि दोन दिवसांनी तिला खाटेसकट उचलून रस्त्यापर्यंत न्यावं लागलं. तेव्हापासून नेल्सनने एकच धोशा लावला होता. घर बंद कर आणि पुएर्तो मोंत शहरात माझ्याकडे राहायला चल. ओर्फेलिनाने सगळ्या वस्तीदेखत सांगून टाकलं होतं, मला इथून हलवायचं तर चौघांच्या खांद्यावरूनच. आणि बोललेला शब्द गिळणं या बाईला कधी जमलंच नाही. नवरा मेंढ्या कातरायला म्हणून सीमेपलीकडे गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा रागाच्या भरात ती म्हणून गेली होती, मला कोणाची गरज नाही. त्या एका वाक्यापायी तिने तीन पोरं एकटीने वाढवली. हट्टी माणसाचं आयुष्य असं एखाद्या वाक्यालाच जुंपलेलं असतं.

शेवटी नेल्सन वैतागला. "ठीक आहे, जा. संध्याकाळी कोरडी परत आलीस तर उद्या मी एकटा जाईन, आणि पुन्हा कधी हा विषय काढणार नाही. पण भिजून आलीस, तर उद्या माझ्या शेजारी ट्रकमध्ये बसायचं. कबूल?"

"कबूल."

"बाउदिलिओकाका, तुम्ही साक्षीदार."

शेजारचा बाउदिलिओ कुंपणाला टेकून नळीने मातेचा कडू चहा चोखत उभा होता. फुकटची करमणूक त्याने आजवर कधी सोडली नव्हती. "पोरा, पैज तू आत्ताच हरलास," तो म्हणाला. "तुझी आई पुरात शिरून कोरडी बाहेर येईल."

ते खोटं नव्हतं. थंडीपावसात कसं हिंडायचं हे ओर्फेलिनाकडून शिकावं. अंगात तिने स्वतः कातलेल्या लोकरीची बंडी, मेंढीचा तेलकटपणा न धुतलेली, म्हणजे पाणी वरच्यावर निथळतं. पायात लोकरी मोजे, त्यांवर पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या, वर रबरी बूट. मोज्यांचा दुसरा जोड पोटाशी खोचलेला. दोन्ही खिशांत राखेत भाजलेले बटाटे, बोटं शेकायला, आणि निवले की खायला. चढणीला ती वरून पांघरलेली पोंचोची घोंगडी उघडी सोडायची. लोक पावसाला भितात, पण खरी गारठवते ती घामाची ओल, असं तिचं म्हणणं होतं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बसायचं नाही. एका डोहात चार-पाच वेळा चमचा फेकायचा, मासा आला तर आला, नाहीतर पुढचा डोह. चालत्या माणसाला थंडी गाठत नाही.

दुपारपर्यंत ती तशीच चालत राहिली. पावसात बर्फ मिसळून पडत होतं. डोक्यावर चमचा गरगर फिरवून सोडला की तंगूस डब्यावरून सळसळत सुटायचा, मग ओल्या उघड्या बोटांनी तो परत गुंडाळायचा. हातमोजे घालून हे काम होत नाही, मासा टोचा मारतो ते कळत नाही. आज मात्र उघड्या बोटांनाही फारसं कळत नव्हतं. खिशातला बटाटा तिने मुठीत घट्ट धरला, तरी तो गरम आहे की गार हे तिला सांगता आलं नसतं.

पडलेल्या लेंगा जातीच्या झाडाखालच्या डोहात एक मोठी ट्राउट लागली आणि लागल्या लागल्या ओंडक्यामागे घुसली. एरवी ओर्फेलिना सरळ गुडघाभर पाण्यात उतरली असती. आज तिने तंगूस ढिला सोडला, दगडादगडांवरून पाय जपत खालच्या अंगाला गेली, आणि तिथून हळूहळू ओढत मासा वाळूवर घेतला. बुटाची टाचसुद्धा भिजली नाही. मासा चांगला कोपरापर्यंत भरेल एवढा होता. त्याच्या कल्ल्यातून दोरी ओवली, आणि मग तिने जे कधी केलं नव्हतं ते केलं. ती दगडावर बसली.

बसल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून रडू आलं. ती दमली होती. नदीला नाही, नदीवर ती अजून दहा हिवाळे आली असती. ती दमली होती परत गेल्यावर जे असतं त्याला. लाकडं फोडायची, ती आत वाहून आणायची. नळ गोठला की ओढ्यावरून बादली आणायची. झोपेतून उठून चुलीत ओंडका सारायचा, कारण सारला नाही तर सकाळी श्वासाची वाफ उशीवर गोठलेली. दाराशी टोकाला बेचक्यासारखी खाच असलेलं एक फळकूट होतं, त्यात टाच अडकवून ती ओले बूट ओढून काढायची. काढायला दुसरं कोणी नव्हतं. अजून एक हिवाळा हे सगळं तिला नको होतं. नेल्सनला "ने मला" एवढंच म्हणायचं होतं, आणि ते दोन शब्द काही तिच्या तोंडून निघणार नव्हते.

मांडीवर बर्फ साठत होतं. बाउदिलिओ हरवलेली गाय शोधत घोड्यावरून तिकडे आला आणि तिला पाहून ओरडला, "ए ओर्फे! बसलीस काय? मेलीस की काय?"

"तुला सोडून कशी मरीन? श्वास घेत होते."

"सगळ्या गावाला बसू नका म्हणून तूच शिकवलंस ना? ऊठ बघू." त्याने खाली वाकून तिची बाही चाचपली. "कोरडी ठणठणीत! अग, जिंकलीस की! बिचारा नेल्सन." तो खो खो हसला. "घोड्यावर बसतेस का मागे?"

"माझे पाय आहेत मला."

"आहेत खरे. तू आजवर कोणाला हात दिलायस कधी?"

तो गेला. ओर्फेलिना उठली, दगडाला धरून.

घराच्या अलीकडे, फाटकाला लागून ओढा आहे. त्यावर फळी टाकलेली. एवढ्या वर्षांत ती फळीवरून कधी घसरली नव्हती, तान्हं पोर आणि पाण्याच्या बादल्या घेऊनही. ती फळी ओलांडून फाटकापाशी आली. धुराड्यातून धूर निघत होता. अंगणात नेल्सन लाकडं फोडत होता, शहरी माणूस फोडतो तशी, चार घाव घालून एक फाक. उद्यासाठी नव्हे, तिच्या साऱ्या हिवाळ्यासाठी रचत होता. आपण हरणार हे त्याने बाउदिलिओच्या सांगण्यावरून धरूनच ठेवलं असावं.

ओर्फेलिनाने मासा फाटकाच्या खिळ्याला अडकवला. तंगुसाचा डबा खांबावर ठेवला. पोटाशी खोचलेले मोजे काढून त्यांची घडी केली आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून डब्याखाली दाबली. मग ती मागे वळली, काठ धरून ओढ्यात उतरली, गुडघ्याइतक्या पाण्यात उभी राहिली. तेवढं पुरेल की नाही याची तिला खात्री वाटेना, म्हणून ती खाली बसली.

थंडीने तिच्या तोंडून अशी आरोळी निघाली की नेल्सन कुऱ्हाड टाकून धावत आला.

"आई! पडलीस?"

"फळी निसरडी झालीय," ओर्फेलिना दात वाजवत म्हणाली. "कधीची सांगतेय, बदल म्हणून."

नेल्सनने तिला काखेत धरून वर ओढलं. त्याची नजर फळीवर गेली. फळी खडबडीत होती, तिच्यावर त्यानेच सकाळी राख पसरली होती. मग त्याने खिळ्यावरचा मासा पाहिला, खांबावरचा डबा पाहिला, डब्याखालची मोज्यांची नीट घडी पाहिली. त्याचे डोळे भरून आले होते, पण पावसात ते कोणाला दिसणार?

"हरलीस, आई," तो म्हणाला.

"हरले."

"आता रडगाणं नको. उद्या सकाळी ट्रकमध्ये."

"कबूल केलंय ना? मग झालं. बाउदिलिओला सांग, साक्षीदार होता तो."

आत चुलीपाशी नेल्सनने तिला बाकावर बसवलं आणि तिच्या अंगावर घोंगडी टाकली. सवयीने तिची टाच दाराजवळच्या फळकुटाकडे वळली. नेल्सनने पायाने ते फळकूट बाजूला सारलं, तिच्यासमोर गुडघे टेकले आणि तिचा बूट दोन्ही हातांत धरला. ओर्फेलिनाने पाय पुढे केला.