हे ते नव्हे

जुनं रिव्हॉल्वर हातात आलं की माणूस आधी काय करतो? तुम्हीही पाहिलं असेल, एक डोळा मिटतो आणि समोरच्या भिंतीवर नेम धरतो. भलाभला शहाणा माणूससुद्धा. आमचे काका यातलं काहीच करायचे नाहीत. ते चष्मा कपाळावर सरकवायचे, हत्यार डोळ्यांजवळ आणून चापाच्या वर कोरलेला नंबर वाचायचे, जागच्या जागी ठेवायचे आणि म्हणायचे, "हे ते नव्हे."

बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळात सगळे त्यांना पिस्तुलवाले काका म्हणत. "पिस्तूल नाही, रिव्हॉल्वर," ते न रागावता दुरुस्त करायचे. बस डेपोत मेकॅनिक म्हणून उभा जन्म काढून रिटायर झालेले, बायको गेलेली, एकुलती एक मुलगी क्रॉयडनला. त्यांच्या घरी शस्त्रागार आहे अशी मंडळात वदंता होती. गणपतीच्या मीटिंगमध्ये आवाज चढले की कुणीतरी हमखास म्हणे, "काकांना बोलवू का?" प्रत्यक्षात त्यांच्या घरी भाजी चिरायच्या सुरीपलीकडे हत्यार नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही रिव्हॉल्वर विकत घेतलं नव्हतं.

मी तेव्हा पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आलेलो. सॉफ्टवेअरवाला, एकटा, आणि जुनी का होईना पण गाडी असलेला. काकांची नजर अधू झाली होती, गाडी चालवणं बंद झालं होतं. दिवाळीच्या कार्यक्रमात त्यांनी विचारलं, "रविवारी काय करतोस?"

"झोपतो."

"मग चल माझ्याबरोबर."

असा मी अडकलो. महिन्यातून एखाद्या रविवारी कुठल्याशा गावच्या हॉलमध्ये जुन्या लष्करी सामानाचा बाजार भरायचा. पदकं, टोप्या, पाण्याच्या बाटल्या आणि महायुद्धातली रिव्हॉल्वरं. नळी बुजवलेली, चाप निकामी केलेला, सोबत तसं सर्टिफिकेट. काका प्रत्येक टेबलाशी थांबायचे. मला शिकवायचे, "हा बारीक बाण कोरलाय ना, तो सरकारी माल. ज्यावर बाण नाही, ते साहेबानं स्वतःच्या पैशानं घेतलेलं." विक्रेते त्यांना पाहून हसायचे, पण आपणहून एकेक पुढे करायचे. मला मात्र सुरुवातीला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा यायचा. एकदा परत येताना मी चिडूनच विचारलं, "काका, ते म्हणजे नक्की कुठलं?"

त्यांनी पाकिटातून एक पिवळी पडलेली चिठ्ठी काढली. त्यावर देवनागरीत सहा आकडे होते: एक चार सात, शून्य सहा नऊ.

त्यांचे वडील साताऱ्याकडचे, पलटणीत कोत हवालदार. कोत म्हणजे हत्यारांची खोली. दिलेलं प्रत्येक हत्यार रजिस्टरात लिहायचं, परत आलं की पुढे 'जमा' लिहायचं. युद्ध संपल्यावर मोजदाद झाली आणि एक रिव्हॉल्वर कमी भरलं. ज्या गोऱ्या साहेबाकडे ते दिलेलं होतं, तो म्हणाला, मी केव्हाच परत केलं. रजिस्टरात 'जमा' नव्हतं. साहेबाचा शब्द एकीकडे, हवालदाराचा एकीकडे. वडिलांची फीत उतरवली, पेन्शन गेलं, नाव कापलं.

"गावात म्हणायचे, यानं साहेबाचं हत्यार विकून खाल्लं," काका म्हणाले. "वडील देवळात गेले तरी मागं, चपलांपाशी बसायचे. आई मात्र रोज ट्रंकेतला त्यांचा ड्रेस झटकून, परत घडी करून ठेवायची. शेजारणी हसायच्या."

"साहेबाचं नाव काय होतं?"

"कधी सांगितलं नाही. म्हणायचे, नाव कळलं तर तू वैर धरशील. नंबर तेवढा लिहून दिला. म्हणाले, ते कुठंतरी असेल, पण जमा झालेलं नाही."

त्या दिवसापासून मी रविवारी झोपलो नाही. नंबर मलाही पाठ झाला, पण हे मी काकांना कधी सांगितलं नाही.

दोनएक वर्षांनी एका विक्रेत्यानं पत्ता दिला. विंचेस्टरजवळ एक म्हातारी बाई एकटी राहत होती. नवरा हिंदुस्थानी फौजेत अधिकारी होता, तो नुकताच वारला, आणि माळ्यावर त्याचं रिव्हॉल्वर सापडलं होतं. ते चालू स्थितीतलं, म्हणजे घरात ठेवणं गुन्हा. पण तेव्हा पोलिसांनी मुदत दिली होती: जुनी हत्यारं आणून द्या, आम्ही विचारणार नाही. दिलेलं सगळं भट्टीत जाणार होतं. बाईंनी पोलिसांना फोन केला होता, पण ते घेऊन जायचा त्यांना धीर होत नव्हता. आम्ही नेऊन पोचवू म्हटल्यावर त्यांनी घरी बोलावलं.

त्यांनी चहा केला. शेल्फवर नवऱ्याचा फोटो होता, काच लखलखीत पुसलेली. "त्याला तुमची माणसं फार आवडायची," बाई म्हणाल्या. "शेवटी शेवटी झोपेत 'शाबास, शाबास' म्हणायचा." मग त्यांनी टॉवेलात गुंडाळलेलं ते हत्यार टेबलावर ठेवलं आणि हळूच विचारलं, "हे त्याचंच असेल ना? दुसऱ्याची टाचणीसुद्धा तो ठेवून घेणारा नव्हता."

काकांनी चष्मा वर सरकवला. नंबर वाचला. एरवी ते नंबर मलाही दाखवायचे. त्या दिवशी त्यांचा अंगठा त्यावरून हलला नाही. पण अंगठ्याच्या वरचा बाण मला दिसला.

"हे ते नव्हे," ते मला म्हणाले. मग बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, अधिकारी लोक तेव्हा स्वतःचं रिव्हॉल्वर विकत घ्यायचे. हे तसलंच आहे. त्यांचं स्वतःचं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. काकांनी चहा संपवला आणि बिस्किटही खाल्लं.

पोलीस स्टेशनच्या काउंटरवरच्या हवालदाराला फॉर्म भरायचा होता. त्यानं भिंग लावून मोठ्यानं वाचलं, "वन फोर सेवन, ओ सिक्स नाइन." मी काकांकडे पाहिलं. ते समोरच्या पोलिसाच्या पेनाकडे पाहत होते. "प्लीज, नंबर पुन्हा एकदा चेक करा," ते म्हणाले, "आणि आत जमा झालं असं लिहा."

पोलिसानं 'रिसीव्ह्ड' लिहून सही केली. काकांनी ताठ उभं राहून पावती घेतली आणि परत जाऊन बाईंच्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर मला असा राग आला होता की काय सांगू. जन्मभर शोधलेला पुरावा माणसानं आपल्या हातानं भट्टीत घालावा? गाडी थांबवून ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात काका खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "बाईंनी फोटो किती छान पुसलाय, पाहिलास?" आणि मला ट्रंक आठवली. रोज झटकायचा, परत घडी करायचा तो ड्रेस. मी गाडी चालवत राहिलो.

गंमत पाहा, पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला: "रविवारी येतोस ना?" थांबले असते तर मला कळलं असतं, म्हणून ते थांबले नाहीत. मला कळलंय हे त्यांना कळू नये, म्हणून मीही गेलो. आणखी दोन वर्षं आम्ही दोघं हॉल पालथे घालत होतो. ते चष्मा वर करायचे, मी मान पुढे काढायचो. "हे ते नव्हे." "नाही ना काका? बघू पुढच्या टेबलावर." इतकं प्रेमानं मी दुसऱ्या कुणाशी खोटं बोललो नाही.

ते हिवाळ्यात गेले. मुलगी घर आवरायला आली होती. तिनं मला बोलावलं आणि पाकिटातली चिठ्ठी पुढे केली. "दादा, हा बाबाचं वॉलेटमध्ये होता. बँकेचा पिन आहे का? आणि खाली काय लिहिलाय? मला मराठी स्लो वाचता येतो."

तेच सहा आकडे होते. त्यांच्यासमोर निळ्या शाईत, मेकॅनिकच्या जाड अक्षरात लिहिलं होतं: जमा.

मी तिला खाली बसवलं आणि तिच्या आजोबांची सगळी हकीकत सांगितली. ट्रंकेची, रजिस्टरची, त्या दिवसाच्या चहाची. ती खूप रडली. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पण दादा, तो ऑफिसर कोण होता? नाव काय त्याचा?"

नाव त्या फोटोखाली ठळक लिहिलेलं होतं. आजही डोळ्यांपुढे आहे.

"आठवत नाही गं," मी म्हटलं.