उस्तादांचा कान

उस्तादांच्या मते जगात कामाचा माणूस एकच होता, आणि तो दाढी करताना आरशात दिसायचा. बाकी सगळे ठोंबे. इंजिनाच्या बिडाला, म्हणजे ओतीव लोखंडाला, बोल्टासाठी जो तुकडा पुढे आलेला असतो, त्याला वर्कशॉपमध्ये कान म्हणतात. तो मोडला की गावभरचे मेकॅनिक तोंड पाडून उस्तादांकडे येत, आणि वेल्डिंगचा जोड मारण्याआधी उस्ताद त्यांची यथेच्छ खरडपट्टी काढत.

त्या दिवशी पाळी ट्रकवाल्याची होती. "पान्याला पाइप लावून आवळलंस ना? हत्ती बांधायचा होता का?" उस्ताद खेकसले. जोड कच्चा राहून हा कान चढणीवर पुन्हा मोडला, तर इंजिनच एका अंगाला कलंडणार होतं.

उस्तादांनी मोडलेली जागा घासून खाच पाडली, बीड गॅसवर तापवलं, थोडा थोडा करत जोड मारला आणि सगळं धूड सावकाश निवायला राखेत पुरलं. दुपारी दुकान सांभाळणारी सून म्हणाली, "बाबा, राखेत कट्ट वाजलं."

"तुझ्या बांगड्या वाजल्या असतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीचा तमाशा झाला. धड बीड हातोडीखाली टणकन वाजतं, तडकलेलं नुसतं थडथडतं. उस्तादांनी हातोडी मारली, डोळे मिटले, मान तिरकी केली. जसं काही समोर गाणंच चाललं होतं. मग हळूच एक डोळा उघडून ट्रकवाल्याचं तोंड पाहिलं. गेली दोन वर्षं हा महापुरुष असाच ऐकत होता, गिऱ्हाइकाच्या तोंडावरून. टणकार त्यांना ऐकूच येत नव्हता. ट्रकवाल्याला तरी काय कळतंय? त्याने घाबरून मान डोलावली.

"शाळेची घंटा वाजली बघ!" उस्ताद गरजले.

सून उठली. तिने जोडावर रॉकेल फिरवलं, कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. थोड्या वेळाने तड्यात मुरलेलं रॉकेल वर आलं आणि कानाच्या मुळाशी, त्या पांढऱ्यावर, केसाएवढी काळी रेघ उमटली.

रॉकेल भेसळीचं आहे, खडू ओला आहे, हे सगळं उस्तादांच्या ओठावर आलं होतं. ते तिथेच राहिलं.

"याआधी कितीदा तडकलं?" त्यांनी खालच्या आवाजात विचारलं.

"दोनदा."

"आणि ते कान?"

"तुम्ही जेवायला गेलात तेव्हा समोरच्याकडे पाठवून नीट करून घेतले."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा वेल्डर, ज्याला उस्ताद वीस वर्षं ठोंब्यांचा राजा म्हणत आले होते. उस्तादांना शरम वाटली, आणि आयुष्यात प्रथमच वाटली असल्यामुळे ती कुठे ठेवायची ते कळेना. त्यांनी मुकाट्याने जोड घासून काढला आणि पहिल्यापासून काम सुरू केलं.

पुढच्या सकाळी त्यांनी हातोडी मारली. डोळे मिटले नाहीत, ट्रकवाल्याकडेही पाहिलं नाही.

"काय गं, कसं वाजलं?"

"कळलं नाही," सून म्हणाली. "पुन्हा मारा."

उस्तादांनी पुन्हा मारली.