पायरीवरची अक्षरं

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ह्या हिंदी मुलखात तिला फोनवर मराठी बोलताना ऐकलं होतं, एवढीच ओळख. संध्याकाळच्या आरतीआधी ती राम घाटावर यायची, अंबाड्यात खडू खोचलेला, आणि फुलं-दिवे विकणाऱ्या मुलींना शिकवायला बसायची. प्रत्येक पायरीवर एक अक्षर. मध्येच गिऱ्हाईक आलं की मुलगी टोपली घेऊन पळायची. ही रागवायची नाही. मुलगी परत येईपर्यंत त्या अक्षरावर बोट ठेवून बसून राहायची.

मी रिटायर्ड माणूस, त्यात तिरसट. एक दिवस बोललोच, "अहो बाई, अक्षरांवर यात्रेकरूंचे पाय पडतात. विद्या आहे ती! काही वाटतं का?"

तिनं बोट उचललं नाही. नुसती मान वर करून म्हणाली, "काका, ह्या पोरींना बसायला पायरीच मिळालीये. मग सरस्वतीलाही पायरीवरच यावं लागेल नं?"

मी पुटपुटत, काठी आपटत निघालो. दोन पायऱ्या उतरलो, तोच मागून एक चिमुरडी ओरडली, "बाबूजी, देखके! आपका पाँव 'ग' पे है!"

महिन्यापूर्वी हीच पोर देवास गेटच्या स्टँडवर माझ्याकडून बसची पाटी वाचून घेत होती.

मी पाय उचलला. हल्ली वाकवत नाही, तरी वाकलो. 'ग'ला हात लावला आणि तो कपाळाला लावला. खडूचा तो पांढरा डाग घरी पोचेपर्यंत मी पुसला नाही.